जिवंत अवनीला श्रद्धांजली

आता तुम्हीच सांगा, भर दुपारी आपल्याच चेहऱ्याला झेंडूचा हार घातलेला दिसला, तर माणूस दुसरं काय करील? अवनी किंचाळली. चांगली घसा फुटेस्तोवर किंचाळली.

खरं तर तिला त्या गोदामात जायचंच नव्हतं. अमरावतीची एक संस्था नव्या वळणाच्या कलावंतांना वर्षभराचं अनुदान देई, पुढची वाटही दाखवी. अवनी तिथं नोकरीला. मूर्तिजापूरच्या एका मूर्तिकाराचं काम पाहून ती स्टेशनकडे निघाली आणि भादव्यातल्या सरीनं गाठलं. शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांशेजारी एक दार उघडं दिसलं. शिरली आत. भिंतीवर सात चौकटी, प्रत्येकीला ताजा हार, आणि आत फोटोच्या जागी नुसती काळी काच. त्या काचेत तीच! एवढ्यात भिंतीमागून कुणी म्हातारी हळूच म्हणाली, "लय गुणाची होती वो पोट्टी... गेली बिचारी."

मग किंचाळेल नाही तर काय आरती म्हणेल?

"भेऊ नका मॅडम, तुमी जित्त्याच आहा," अंधारातून आवाज आला. पाठोपाठ खांद्यावर झेंडूची टोपली घेतलेला एक तरुण. "ते रेकॉर्डिंग हाये. आमची गंगूबाई. ते बी जित्तीच हाये, अकोल्यात फुलं विकून राहिली."

"हे... हे आहे तरी काय?"

"मले काय माहीत? तुमी एवढ्या किंचाळल्या म्हंजे काईतरी असनच."

अवनीला हसू आलं.

त्याचं नाव देवानंद. वडील शेषराव अकोल्याच्या बाजारात हार विकायचे. "लग्नाच्या हाराले लोकं अर्धा घंटा भाव करतात," तो म्हणाला, "पण मयतीच्या हाराले कोनी भाव करत नाई. चांगलं बी तवाच बोलतात. मी म्हनलं, जित्तेपणीच ऐकवून पाहू."

अवनी पुन्हा काचेसमोर उभी राहिली. भीती वाटत होती, पण हलवत नव्हतं. असं काम तिनं तीन वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"आमच्याकडे अर्ज का करत नाही तुम्ही?"

"मले अर्ज लिवता येत नाई."

"मी शिकवते."

शेषरावांनी पोराला दसऱ्यापर्यंतची मुदत दिलेली. तोवर काही जमलं तर ठीक, नाही तर मुकाट्यानं दुकानात बसायचं. म्हणजे सगळं या अनुदानावर आलं. अवनी रोज संध्याकाळी फोनवर त्याला अर्ज सांगू लागली, आणि हा पठ्ठ्या रोज काहीतरी नवीन चुकवी. संस्थेचा नियम कडक होता: अर्जदाराशी जवळीक असेल, तर शिफारस बाद. म्हणून तिनं आवाज अगदी सरकारी ठेवला. मन कुठलं तसं राहतंय! आईनं विचारलंच, "गं, अर्ज भरतेस की पत्रिका जुळवतेस?"

अर्जाला जोडायला देवानंदनं, ती पुन्हा गोदामात आली तेव्हा, तिचाच फोटो काढला. काळी काच, हार, आत अर्धवट हसणारी अवनी. तिला तो इतका आवडला, की शहाणीनं फोनवर डीपी म्हणून लावला. आणि दुसऱ्या दिवशी गेली धारणीला, दुसऱ्या एका कलावंताकडे. तिकडे रेंज नाही. त्यातच दुपारी बातमी आली, धारणीच्या घाटात जीप दरीत गेली. फोन लागेना, डीपीला हार... लोकांना आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी परतवाड्याच्या बसस्टँडवर रेंज आली आणि फोन थरथरत सुटला. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. जन्मात बरा शब्द न बोललेल्या आत्यानं लिहिलं होतं, 'सदा हसतमुख, सोन्यासारखी पोर.' बाजूला माणसं भजी खात होती, आणि ही आपल्या मरणाचे निरोप वाचत होती. क्षणभर तिला वाटलं, आपण खरंच इथं आहोत ना? तिनं बाकाच्या लोखंडी दांड्याला हात लावून पाहिला.

घरी फोन लावला. "आई, मी."

पलीकडून आई, अनसूयाबाई, भेदरून म्हणाल्या, "अवनीच्या फोनवरून कोण बोलतंय?"

आईची समजूत काढता काढता तिच्याच डोळ्यांना धार लागली. सगळ्यात शेवटी देवानंदचा आवाजातला निरोप सापडला. सव्वादोन मिनिटांचा.

"मॅडम... कोनी ऐकन का नाई, ठाऊक नाई. तो फोटो मीच काढला. माह्याच हाताले आग लागो. एक सांगाचं राहिलं... अर्जात मी मुद्दाम चुकत होतो. तुमचा फोन यावा म्हनून. तुमी मले लय आवडत होत्या..." पुढे नुसतं हुंदके देणं.

तिनं ते तीनदा ऐकलं. मग त्याला दोनच शब्द पाठवले: जिवंत आहे. आणि सकाळी ऑफिसात जाऊन आपली शिफारस मागं घेतली. न सांगता गप्प बसणं तिला जमलंच नसतं.

मग संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव स्वतः काम पाहायला गेले. हारातलं स्वतःचं तोंड पाहिलं आणि दीड मिनिटात बाहेर आले, ते एकाच पायात चप्पल घालून. "अभद्र! अपशकुनी!" अर्ज नामंजूर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती मूर्तिजापूरला पोचली, तेव्हा देवानंद चौकटी उतरवत होता. आवाज बंद होते. आज ते गोदाम तिला पहिल्या दिवसापेक्षाही भयाण वाटलं.

"नाही झालं," ती म्हणाली. "माझ्यामुळे. मी गप्प बसले असते तर..."

"कावून नाई बसल्या?"

"मी लिहून दिलं, अर्जदाराशी माझा संबंध आहे."

"कोनता?" त्यानं हातातली चौकट खाली ठेवली. "मी तं तुमाले अजून काई बोललोच नाई!"

"बोललास की. सव्वादोन मिनिटं."

"ते... ते तुमी मेल्यावर."

"आता समोर उभी आहे. बोल."

तो मान खाली घालून हाताला लागलेला झेंडूचा पिवळा रंग चोळत राहिला. "उद्यापासून मी दुकानात बसन. तुमचे बाबा वकील. लोकं काय म्हनतीन?"

"मी मेल्यावर लोक काय म्हणतात, ते मी वाचून आले आहे रे," अवनी म्हणाली. "सगळे चांगलंच म्हणतात. त्यांची धास्ती संपली माझी."

देवानंद हसला. मग त्यानं सांगितलं. मेलेल्या अवनीला सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी थोडं, आणि अडखळत.

"तुमी मले लय आवडता, मॅडम."

"मॅडम नको."

"अवनी," तो म्हणाला.