दुसरी फेरी

हे खरं आहे. खोटं वाटत असेल त्याने पुढे वाचू नये, मला कोणाची मनधरणी करायची नाही. ज्याच्यावर बेतलं तो हेमकांत माझा सख्खा मावसभाऊ. प्रकाशा गावात राहतो.

१५ जानेवारी २०२५, बुधवार. दुपारचे चार. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. लख्ख ऊन होतं.

जागा... तळोद्याच्या वर, सातपुड्यात, धरणाच्या फुगवट्यातलं एक बेट.

बेट कसलं, डोंगराचं डोकं ते. खालचं गाव पाण्यात घातलं, वर तंबू ठोकले आणि आता म्हणतात, या, मजा करा. होडीने जायचं, तिथल्या गोवाल नावाच्या माणसाकडून भाड्याची स्कूटी घ्यायची, बेटाला चक्कर मारायची. परतीची शेवटची होडी पाचला.

हेमकांत बायकोला, शीलाला, घेऊन गेला होता. लग्नाला नऊ वर्षं आणि ही पहिली सहल. ती साडीत, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली.

माथ्यावर शीला थांबा म्हणाली आणि झुडपामागे गेली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. हेमकांत वैतागला. जीपवाले पाड्याच्या वळणावर सवाऱ्या गोळा करायला देतात, तसा त्याने लांबलचक हॉर्न दिला. दोनदा.

गाडी मागून दबली.

बसलीस का, त्याने विचारलं. उत्तर नाही. रुसली असेल. त्याने गाडी उतारावर सोडली.

मग त्याच्या लक्षात आलं... कमरेला दोन्ही बाजूंनी गुडघे लागताहेत.

शीला तर एका बाजूला बसते.

गुडघे ओले होते.

त्याने आरशात पाहिलं. मागे नुसता रस्ता.

आणि पुढचा रस्ता... सरळ पाण्यात उतरत होता. बुडालेल्या गावाचा जुना रस्ता. त्याने ब्रेक आवळले. चाक पाण्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

शीलाच्या नावाने तो घसा फाटेस्तोवर ओरडला.

त्याने गाडी फिरवली. पण ती चढेना. मागचं टायर चपटं झालेलं, आणि ती अजून दबत होती... एकेक करून कोणीतरी चढत होतं. पायाशी पिशवी ठेवतात तिथेही कोणीतरी बसलं. मानेवर गार श्वास. एक नाही, पुष्कळ. चिखलाचा वास.

पावणेपाच झाले होते. शीला वर एकटी होती. की वर नव्हतीच?

हेमकांत रडायला लागला. त्याने हात जोडले.

"उतरा व माय... मन्ही बायको वर शे. मी दुसरी फेरी मारस. तुमले लेवाले येस. आईशप्पथ येस."

श्वास थांबले.

गाडी एकदम हलकी झाली.

माथ्यावर शीला दगडावर बसली होती. साडी कमरेपर्यंत ओली. पाणी तिथून अर्धा किलोमीटर खाली.

"कोठे व्हती तू?"

"गाडीवरच तं व्हती मी," ती म्हणाली. "एक म्हतारीनी माले उतारी दिधं. म्हने, आते दाटी व्हयनी. तू दुसरी फेरीले ये."

खाली होडीपाशी गोवालने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्कूटीला हातच लावला नाही. त्याने एवढंच विचारलं, परत यायचा शब्द दिला का?

हेमकांतने मान खाली घातली.

"गाव उठवलं तवा जीपवालाबी हेच बोलून गेला होता," गोवाल म्हणाला. "आमची अर्धी माणसं पाणी चढलं तरी हॉर्नची वाट बघत बसली."

हेमकांत आता रात्री दाराला आतून कुलूप घालतो. शीला बरी आहे. रांधते, हसते, शेजारणीशी बोलते. फक्त घराबाहेर पडताना 'येस', म्हणजे येते, म्हणायचं तिने सोडलंय.

हेमकांत रोज दारात तिला अडवतो, येस म्हण म्हणून विनवतो.

ती गोड हसते.

"जास," म्हणते.