अठ्ठेचाळीस ठोक्यांचं चाक

सुवर्णाआजीच्या लाल गाडीतला पिवळा दिवा विझायचं नाव घेत नव्हता. आबांनी सेन्सर बदलला, वायर बदलली, शेवटी दिव्यालाच दोन शब्द सुनावले. नात शेजारी उभी होती म्हणून दोनच. दिवा ढिम्म. गाडी सुरू केली की शहाण्यासारखा विझायचा आणि गॅरेजमधून निघून चौकापर्यंत जाईतो पुन्हा लागायचा.

एरवी एका दिव्याचं कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण आता रस्त्यावर पेट्रोलच्या गाड्या औषधालाही सापडत नव्हत्या. ज्या होत्या त्यांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची. तीनदा नापास झालेली गाडी थेट भंगारात जायची. या दिव्यापायी लाल गाडी दोन महिन्यांत दोनदा नापास झाली होती, आणि तिसरी तपासणी आज संध्याकाळी पाच वाजता होती.

बारा वर्षांची ऋजुता सकाळपासून गाडीभोवतीच घुटमळत होती. ही गाडी म्हणजे आजीची शाळा होती. डाव्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक असलेल्या या गाडीत आजीनं मिरजेच्या निम्म्या बायकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. ऋजुता लहानपणी मागच्या सीटवर बसून ऐकायची. "घाबरायचं नाही बाई, रस्ता काही चावत नाही," असं आजी प्रत्येकीला सांगायची. ऋजुता अठरा वर्षांची झाली की तिलाही शिकवायचं ठरलं होतं. मागच्या वर्षी आजी गेली. तेव्हापासून ऋजुता अधूनमधून गाडीचं दार उघडून नुसती आत बसायची. आतल्या वासात अजून थोडीशी आजी होती.

तीन वाजता तपासणीचा यंत्रमानव गॅरेजच्या दारात हजर झाला. कमरेएवढा, तीन चाकांचा आणि सरकारी पत्रासारखं बोलणारा.

"नमस्कार. मी निरीक्षक क्रमांक चौदा. मी दोन तास आधी आलो आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे."

"आलास तर बस बाबा," आबा म्हणाले. "तुमच्या त्या सेन्सरांनीच जीव नकोसा केलाय. आमच्या वेळी असली थेरं नव्हती."

आबा म्हणजे राजेंद्र मगदूम. सत्तावन्न वर्षं त्यांनी ट्रकांखाली काढली होती. इंजिनाचा आवाज ऐकून ते दुखणं सांगायचे. हा दिवा मात्र आवाजच करत नव्हता.

"आबा, पण तो दिवा म्हणतोय तरी काय?" ऋजुतानं विचारलं.

आबांनी एक रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. "हे बघ. जोरात ब्रेक मारला की चाक कधीकधी जाम होतं. म्हणजे फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरत जातं. चाक घसरलं की स्टेअरिंग कितीही फिरव, गाडी ऐकत नाही. म्हणून या गाडीत एक छोटा संगणक आहे. तो चारही चाकांचा वेग सारखा बघत असतो. एखादं चाक एकदम मंदावलं, की त्याला कळतं, हे आता जाम होणार. मग तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो आणि पुन्हा धरतो. सोड-धर, सोड-धर, सेकंदाला कितीतरी वेळा."

"आणि त्याला वेग कळतो कसा?"

"वेगसंवेदकामुळे," निरीक्षक मध्येच म्हणाला. "वेगसंवेदक (चाक किती जोरात फिरतं हे सांगणारा बोटभर भाग) प्रत्येक चाकाजवळ एक असतो. आपल्या डाव्या मागच्या चाकाकडून चुकीची खबर येत आहे. खबरीवर विश्वास उरला नाही, की संगणक ही सोय बंद करतो आणि दिवा लावतो. सबब संवेदक सदोष."

"अरे, नवा घातलाय की," आबा वैतागले.

"मग दुसरा घालावा."

"दुकानंच उरली नाहीत, घालावा म्हणे."

ऋजुतानं विचार केला. मागच्या दोन चाकांचे सेन्सर अगदी सारखे होते. "आबा, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला तर? सेन्सर खराब असेल तर दुखणं त्याच्याबरोबर उजवीकडे जाईल."

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पाना उचलला. वीस मिनिटांत अदलाबदल झाली. आबा चौकापर्यंत जाऊन आले. दिवा लागलाच. निरीक्षकानं संगणकाशी वायर जोडून सांगितलं, "दोष अजूनही डावीकडेच आहे. संवेदक निर्दोष आहे. माझा निष्कर्ष मी मागे घेतो."

मघाचा वाद विसरून आबा पहिल्यांदा हसले.

आता गाडी जॅकवर चढली. ऋजुतानं टायरवर खडूनं एक रेघ मारली आणि चाक हातानं हळूहळू फिरवू लागली. निरीक्षक सेन्सरकडून येणारे ठोके मोजत होता. उजव्या चाकानं एका फेरीत अठ्ठेचाळीस ठोके दिले. डाव्यानं एक्केचाळीस.

"सात गायब," ऋजुता पुटपुटली. "पुन्हा मोज."

पुन्हा एक्केचाळीस. तिसऱ्यांदाही तेच. आणि दर वेळी खडूची रेघ खाली आली की ठोके बंद पडत, जराशी वर सरकली की परत सुरू होत.

ऋजुता जमिनीवर बसून त्या रेघेकडे बघत राहिली. "वायर तुटकी असती तर ठोके कुठेही चुकले असते. हे नेहमी चाकाच्या एकाच जागी चुकतात. सेन्सर तर फिरत नाही, तो एका जागी घट्ट बसलेला असतो. म्हणजे जे बिघडलंय ते चाकाबरोबर फिरणारं आहे."

"चाकाबरोबर फिरणारं..." आबांनी चाक काढलं, मधला मोठा नट सोडवला आणि हब (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गोल भाग) ओढून बाहेर घेतला. त्याच्या आतल्या बेअरिंगच्या (चाक सहज फिरावं म्हणून बसवलेल्या पोलादी गोळ्यांच्या कड्याच्या) तोंडावर एक काळी, रबरी, गुळगुळीत चकती होती. "यात काय बिघडणार? ट्रकाला लोखंडी दात्यांची चकती असते, दाता मोडला तर डोळ्यांना दिसतो. हिच्यावर तर काहीच नाही."

"आहे," निरीक्षक म्हणाला. "चकतीच्या रबरात चुंबकीय भुकटी असते. तिच्यावर उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण अशा चुंबकाच्या पट्ट्या उमटवलेल्या असतात. अठ्ठेचाळीस जोड्या. संवेदकासमोरून एक जोडी गेली, की एक ठोका. मनुष्यास त्या दिसत नाहीत."

"दिसतील," ऋजुता म्हणाली. शाळेतला प्रयोग तिला आठवला होता. तिनं जुना खिळा कानशीनं घासला, लोखंडाचा कीस पाडला, चकतीवर पातळ कागद ठेवला आणि त्यावर तो कीस भुरभुरवला. कागदावर बारीक उभ्या रेघा उमटल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. एका जागी मात्र दोन बोटं रुंद पट्टा कोराच राहिला. तिथला कीस नुसता पसरून पडला होता.

"पुसल्या गेल्यात," ती म्हणाली. "पण रबरातला चुंबक पुसणार कोण?"

"दुसरा, अधिक बलवान चुंबक," निरीक्षकानं सांगितलं.

आबा एकदम उठले आणि खणातून बशीएवढा जाड चुंबक काढून आणला, कुठल्याशा जुन्या स्पीकरमधला.

"इलाहीमामांनी दिला होता," ते म्हणाले. "माझे उस्ताद. सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी हा हातात ठेवला. म्हणायचे, चुरा आत तर मेहनत मातीत. कुठलाही भाग बसवायच्या आधी त्यावरून चुंबक फिरवायचा, लोखंडाचा बारीक चुरा निघून येतो. सत्तावन्न वर्षांत एकदा चुकलो नाही." ते पुन्हा डब्यावर बसले. "उन्हाळ्यात चाक गुणगुणत होतं म्हणून मी हे बेअरिंग नवं घातलं. तेव्हाही फिरवला. चांगला घासून. माझ्याच हातानं केलं गं हे, आणि दोन महिने सेन्सरला शिव्या घालतोय."

ऋजुताला फार वाईट वाटलं. आबांना असं खांदे पाडून बसलेलं तिनं आजी गेली तेव्हाच पाहिलं होतं. "उस्ताद चुकले नव्हते आबा," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या बेअरिंगवर पट्ट्याच नव्हत्या."

"चार वाजून दहा मिनिटे," निरीक्षकानं आठवण करून दिली.

"आबा, जुनं बेअरिंग फेकलंत?"

"मी काही फेकतो का?" आबांच्या आवाजात थोडा जीव आला. जुन्या बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या होत्या, पण त्यावरची चकती? ऋजुतानं पुन्हा कागद ठेवला, कीस भुरभुरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघा, एकही गाळलेली नाही.

नव्याच्या गोळ्या आणि जुन्याची चकती. काम नाजूक होतं. चकती जरा वाकली तर संपलंच. आबांनी पातळ पेचकस निवडला. त्यांनी तो ऋजुतापुढे धरला. "एका जागी जोर लावायचा नाही. थोडं इथं, थोडं समोर. गोल फिरत जायचं."

आधी नव्याची पुसलेली चकती निघाली, मग जुन्याची चांगली. लाकडाच्या ठोकळ्यानं हलक्या हातानं ठोकत ती नव्या बेअरिंगवर बसली. हब चढला, चाक चढलं. ऋजुतानं चाक एक फेरी फिरवलं.

"अठ्ठेचाळीस," निरीक्षक म्हणाला.

पाच वाजता त्यानं रस्त्यावर पाणी मारून तपासणी घेतली. आबांनी लाल गाडी जोरात आणली, ब्रेक दाबला, खालून खडखड असा आवाज आला, सोड-धर, सोड-धर, आणि गाडी अगदी सरळ रेषेत थांबली. दिवा लागला नाही.

"उत्तीर्ण. पाच वर्षे," निरीक्षक म्हणाला. "एक रकाना भरायचा आहे. दोषाचे कारण? भाग जुना झाला, असे लिहिता येईल."

"तसं नको," आबा म्हणाले. "लिही, मगदूम मिस्त्रीनं चुंबक फिरवला. काळ्या चकतीला चुंबक दाखवू नये, असंही लिही."

"ही नोंद राज्यातल्या सर्व दुरुस्ती केंद्रांना जाईल. नावासह."

"जाऊ दे. माझ्यासारखे म्हातारे अजून असतील कुठंकुठं. त्यांच्या गाड्या तरी वाचतील."

निरीक्षकाच्या डोळ्यांतला दिवा दोनदा लुकलुकला. मग तो त्याच्या तीन चाकांवर डुलत निघून गेला. ऋजुतानं हात धुतले. घरी जायच्या आधी थोडा वेळ आजीच्या गाडीत बसावं असं तिच्या मनात होतं. तेवढ्यात आबांनी गाडीखाली परत जॅक सरकवला.

"आता काय, आबा? झाली की पास."

"पाच वर्षांनी पुन्हा तपासणी आहे. तू सतरा वर्षांची असशील, आणि गाडी शिकायला एक वर्ष बाकी असेल. तेव्हा मी असेन की नाही, कोण सांगणार." आबा डब्यावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "हब खोल आणि परत बसव. एकटीनं. मी नुसता बघणार."

ऋजुतानं पाना उचलला.