आत असलेले : एक

लोकांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ॲप्लिकेशन बसवून देणं हा माझा धंदा. मशीन त्यांचं, खोली त्यांची, माहिती कुंपणाबाहेर जात नाही. परतूरजवळच्या एका जिनिंग मिलच्या राधेश्याम शेठना गेटचं रजिस्टर तसं हवं होतं. कोण आत आलं, कुठल्या कामाला, बाहेर कधी पडलं, बस. मी जालन्याहून मोटारसायकलवर निघालो आणि साडेअकराला पोचलो.

मे महिना होता. कापसाचा हंगाम संपून मिल बंद पडली होती. मॅनेजर तातेराव पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी ऑफिस उघडून दिलं, माठातलं पाणी दिलं आणि शेजारच्या खोलीत कागदपत्रं चाळत बसले. डोक्यावरचे पत्रे उन्हाने तडतडत होते. खोलीत कुबट सरकीचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पेनड्राइव्हवरून ॲप्लिकेशन उतरवलं, डेटाबेस तयार केला, सर्व्हर चालू केला आणि पहिलं पान उघडलं. नव्या रजिस्टरचं पहिलं पान कुठेही उघडा, सारखंच असतं. आत असलेले : शून्य.

इथे एक होता.

चाचणीची एखादी नोंद राहून गेली असेल, असं मला वाटलं. डेटाबेस पुसून पुन्हा बसवला. एक. मग मात्र मी मशीन मुळापासून कोरं केलं, सगळं नव्याने घातलं. त्यात दीड तास गेला. नेटवर्कची तार तर अजून माझ्या पिशवीतच होती, म्हणजे बाहेरून काही येण्याचा प्रश्नच नव्हता. पान उघडलं.

एक.

मी त्या आकड्यावर क्लिक केलं. नाव : वसंता. आत : सव्वीस एप्रिल, सकाळी अकरा चाळीस. काम : टाकी. बाहेर : काहीच नाही, रिकामा चौकोन.

कामांची यादी मी अजून भरलीच नव्हती. 'टाकी' हा शब्द त्या मशीनमध्ये असायलाच नको होता.

मी तातेरावांना हाक मारली. वसंता कोण म्हणून विचारलं. ते म्हणाले, कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा कामगार, एकोणीस दिवसांमागे न सांगता काम सोडून गेला. त्याची बायको कौसल्या रोज येऊन गेटवर बसते, नवरा घरी पोचलाच नाही म्हणते. त्यांनी कागदी रजिस्टर काढून मला दाखवलं. सव्वीस एप्रिल, वसंता, बाहेर संध्याकाळी सहा.

"बघा, निघून गेल्ता तो," ते म्हणाले.

पण त्या पानावर सगळ्यांचीच वेळ सहा होती आणि अक्षर एकच होतं. मी विचारलं, हे कुणी लिहिलं? सुटी झाली की सगळ्यांचं मीच लिहितो, असं ते म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर स्क्रीनवरच्या 'टाकी'वर गेली आणि ते मटकन स्टुलावर बसले.



"मागची टाकी… आग इझवायच्या पाण्याची. साफ करायला सांगितली व्हती त्याला. संध्याकाळी झाकण उघडं दिसलं…" ते थांबले. "मीच लोटलं, राजानंद भाऊ. आत वाकून बघितलं न्हाई."

आम्ही दोघं धावत मागे गेलो. जमिनीत बांधलेली टाकी, वर लोखंडी झाकण. उन्हाने ते इतकं तापलं होतं की हात लावता येईना. मी गळ्यातला रुमाल गुंडाळून ते सरकवलं. वास एकदम अंगावर आला. आत शिडीच्या वरच्या पायरीवर, झाकणापासून वीतभर खाली, एक हात अडकून राहिला होता.

तातेराव तिथेच उन्हात खाली बसले. मी पोलिसांना फोन लावला, पण त्यांना काय सांगितलं ते मला आजही आठवत नाही. माझे दात वाजत होते. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात.

वसंताला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. रुग्णवाहिका गेटबाहेर पडल्यावर मी पिशवी आणायला ऑफिसात गेलो. पोलीस आल्यावर तातेरावांकडून किल्ली घेऊन खोलीला कुलूप मीच लावलं होतं, किल्ली माझ्याच खिशात होती. स्क्रीनवर शेवटचा चौकोन भरलेला होता. बाहेर : पाच वाजून दहा. वर शून्य आलं होतं.

मी गेटवर आलो तेव्हा कौसल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला पाहून उठल्या.

"तुमी राजानंद भाऊ ना?"

मी मान हलवली.

"हे परवा दारात येऊन सांगून गेले… जालन्याहून राजानंद नावाचे येतील, मला बाहेर काढतील म्हनले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. आवाज अगदी खाली आला. "आनखी म्हनले, त्यांना दुसऱ्यांदा बोलावतील. तवा येऊ नका म्हनावं."

शेठचा फोन मला त्याच दिवशी सकाळी आला होता. त्याआधी त्या मिलमध्ये माझं नाव कुणालाही ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट मेमधली. परवा शेठचा पुन्हा फोन आला. तातेराव आता तिथे नाहीत. हंगामाआधी नव्या मॅनेजरने ऑफिस उघडलं, मशीन चालू केलं, तर आत असलेले : एक दिसतंय, नावाची जागा रिकामी आहे, येऊन बघून जा म्हणाले. टाकी बुजवलीय, मिलमध्ये कुणीच नाही, असंही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, घरूनच बघतो. मग लक्षात आलं, त्या मशीनला बाहेरची तार मी जोडलेलीच नाही. बघायचं तर आत जावं लागेल.

उद्या येतो, असं मी त्यांना सांगितलं आहे. कालही तेच सांगितलं होतं.