एकदाच वाचलेली चिठ्ठी

स्टेडियमच्या माइकवरून एकतीस वर्षं मी बोललो. गोल कुणी केला, कुणाच्या जागी कोण खेळायला आलं, कुणाची गाडी आडवी लागलीय. चिठ्ठी आमच्या केबिनच्या दाराखालच्या फटीतून आत सरकायची, साउंडवाला ती उचलून माझ्यापुढे ठेवायचा. नियम एकच, लिहिलंय ते वाचायचं आणि दोनदा वाचायचं. पहिल्यांदा माणसं कान टवकारतात, दुसऱ्यांदा उठून चालू लागतात.

बायको प्रत्येक सामन्याला यायची. पूर्व गॅलरी, रांग बारा, खुर्ची चाळीस. खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे.

"घरी तुम्ही तोंडातून शब्द काढत नाही, इथे तरी ऐकून घेते," म्हणायची.

पाच वर्षांपूर्वी एक चिठ्ठी आली. पश्चिम गॅलरी, रांग तीन, खुर्ची नऊ, सात नंबरच्या दारावर या. मी दोनदा वाचली. एक म्हातारा उठला आणि जिना उतरून गेला.

साउंडवाला म्हणाला, "आपल्याकडे दारं सहाच ना हो?"

"कारकुनाची चूक असेल. आपल्या बापाचं काय जातं?"

सामना संपला तरी म्हाताऱ्याची छत्री खुर्चीला तशीच. चार दिवसांनी त्याचा मुलगा फोटो घेऊन एकेका दारावर विचारत फिरत होता. पुढच्या मोसमात पुन्हा तशी चिठ्ठी, पुन्हा एक बाई उठून गेली, आणि मागोमाग तिचा नवरा फोटो घेऊन आला. माझी पाचावर धारण बसली. त्यानंतर असली चिठ्ठी आली की मी ती फाडून टाकायचो.

निवृत्तीच्या आधीचा शेवटचा सामना. भर दुपार, तुडुंब गर्दी, चिठ्ठ्यांची चळत. आमच्या धंद्यात डोळे मैदानावर असतात आणि तोंड आपलं वाचत सुटतं. वाचून झाल्यावर कळलं, मी काय वाचलं ते.

पूर्व गॅलरी, रांग बारा, खुर्ची चाळीस. सात नंबरच्या दारावर या.

दुसऱ्यांदा वाचायच्या आत मी माइक बंद केला.

काचेतून दिसत होतं. ती उभी राहिली होती. पर्स खांद्याला, मान भोंग्याकडे वळलेली.

मी जिने उतरत धावलो. तिचा हात धरला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

"कुणी बोलावलंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही. चूक झाली."

"आवाज तर तुमचाच होता."

याला आठ महिने झाले. ती स्वयंपाक करते, शेजारणीशी हसते. फक्त सामन्याची वेळ झाली की पर्स खांद्याला लावून दाराजवळच्या खुर्चीवर बसते. मी घरात कुठलीही गोष्ट दोनदा बोलत नाही. चहा हवा का, हेसुद्धा एकदाच विचारतो.

काल तशीच बसली होती. मी समोर पेपर वाचत होतो.

"अहो," ती अगदी प्रेमाने म्हणाली, "सांगून टाका ना एकदाचं. किती वेळ उभं ठेवणार मला?"