बोलपटातला जोडेविक्या

भुताखेतांच्या गोष्टींचा मला तिटकारा आहे. ही सांगतो, ती केवळ तुम्ही विषय काढलात म्हणून.

बोलपट नुकतेच आले होते आणि मी एका चित्रपटगृहात यंत्रचालक होतो. दुपारी तीन वाजता नव्या चित्राची चाचणी होती. रिकाम्या प्रेक्षागृहात एकटे मालक बसणार होते. चित्र कसले? पोरकट प्रेमविनोद! जोड्यांच्या दुकानातला एक कंगाल नोकर गिऱ्हाइकांचे पाय धरता धरता श्रीमंत मुलीच्या प्रेमात पडतो. कणा नसलेला, सदा ओशाळे हसणारा प्राणी. अशाला नायक म्हणायची लाज लोकांनी केव्हाच सोडली होती.

मालकांनी मला आधीच बजावले होते, "मागच्या खेळात बाईच्या तोंडी बाप्याचा आवाज आला. आज ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे झाला, तर तुझीही वाट दुसरीकडे. कळलं?"

"कळलं, मालक."

नोकरी गेली असती, तर आईला काकांच्या दारी आश्रित व्हावे लागले असते.

त्या काळी चित्र फितीवर असे आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. फितीच्या जेवढ्या चौकटी कापाव्यात, तेवढ्याच काळ्या चौकटी तिथे जोडाव्या लागत. अन्यथा चित्र पुढे धावे आणि आवाज मागे राही. सकाळी चौथ्या रिळात तीस चौकटी फाटलेल्या निघाल्या. नोकर मुलीला मागणी घालतो, नेमकी तीच जागा. त्या लाचाराच्या सव्वा सेकंदासाठी काळ्या चौकटी कोण मोजत बसणार? मी तुकडा कापला आणि टोके तशीच चिकटवली.

रीळ फिरू लागले, तेव्हा मला माझी चूक उमगली. आता आवाज मागे पडणार… आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

जोड आला. चित्र उडी मारून पुढे गेले.

आवाजही गेला. नोकराने दोन शब्द गिळले आणि स्वतःचे ओठ गाठले.

मग तो पाठमोरा होऊन फळीवरचे खोके काढू लागला. दुकानात त्या मुलीखेरीज कोणी नव्हते. पडद्यामागच्या कर्ण्यातून हळूच शब्द आले, "काही हरकत नाही, साहेब… मी सांभाळून घेतो…"

माझ्या कोठडीत तापलेल्या तेलाचा वास असे. त्यात आता कोऱ्या कातड्याचा वास मिसळला.

खाली मालक खो खो हसले. "काय लाळघोट्या आहे रे हा! पण आवाज चोख जुळलाय. राहिलास तू, जा!"

रीळ संपले. सुई उचलावी म्हणून मी वळलो. सुई आकड्यालाच अडकवलेली होती. गडबडीत मी ती तबकडीवर टेकवलीच नव्हती.

"पुढचं लाव रे!" मालक ओरडले.

मी अजून यंत्राला हातही लावला नव्हता… आणि खाली, कर्ण्यात, कोणीतरी अदबीने घसा साफ केला.