“उसवा, डॉक्टर!”

गादीवाल्याच्या मांजराच्या पंजात सुई रुतली, म्हणून प्राण्यांची डॉक्टर धावत त्याच्या दुकानात आली. सुई निघाली, मांजर पळालं... डॉक्टरचा पाय मात्र निघेना.

खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. तो पुन्हा रजईला टाके घालू लागला — पाण्यात मासोळी सुळकन फिरावी तशी सुई.

“मला शिकवाल? गरम भांडं धरायला वीतभर लांबीचं जाडसं फडकं... रोज बोटं भाजतात माझी.”

“टाके तर तुम्हीही घालता की!”

“माझे पेशंट नावं ठेवत नाहीत.”

तो हसला, आणि ती उगीचच मांजर शोधू लागली.

रविवारी त्याने दोन कापडांमध्ये कापूस पसरला, खडूने रेघा मारल्या. मधून कडेकडे शिवत जायचं, गाठ ओढून आतच दडवायची. ती मात्र सवयीने प्रत्येक टाक्याला गाठ मारू लागली.

“डॉक्टर, फडकं पळून नाही जाणार!” तिचं बोट धरून त्याने सुई तिरकी केली... आणि दोघंही शिवायचं विसरली.

हळूहळू तिचा हात बसला. तरी तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “जरा वाकडे आलेत... उसवा.” चौथ्या, पाचव्या रविवारीही तेच. सहाव्या रविवारी पुन्हा ‘उसवा’ ऐकल्यावर तिने सुई खाली ठेवली.

“नाही जमायचं मला. उगीच तुमचा वेळ...” पिशवी उचलून ती निघाली. तो तिचं फडकं हातात घेऊन उठला, आणि तिथेच खिळला.

आतून त्याची आई आली. तिने फडकं उलटसुलट पाहिलं. “अरे, इतके सरळ टाके तुझ्या बापाने घातले नाहीत कधी! पोरीला उसवायला काय लावतोस?”

डॉक्टर दारातच थबकली. “खरं?”

“खरं,” तो पुटपुटला. “पूर्ण झालं असतं, तर तुम्ही कशाला आला असता...”

“चार रविवार! बोटांची चाळण झाली माझी.”

“चुकलं.”

“चुकलंच. नुसतं ‘थांबा’ म्हणायला काय झालं होतं?”

“धीर नव्हता. आता म्हणतो... थांब ना.”

‘थांबा’चं ‘थांब’ कधी झालं, त्याला कळलंच नाही. तिला कळलं.

आई हळूच आत गेली. डॉक्टर परत येऊन बसली — अगदी त्याच्या शेजारी. “हे आज पूर्ण होणार. आणि पुढच्या रविवारी मी येणार, काहीही न शिवायला. चालेल तुला?”

त्याने मान डोलावली. मग सुईत दोरा ओवून ती तिच्या हातात दिली.