नत्थुजीचं पान

मोर्शीच्या पुढच्या फाट्यावर नत्थुजी काळीपिवळीतून उतरला तेव्हा मे महिन्याचं ऊन असं तापलं होतं, की तिथली कुत्रीसुद्धा पानठेल्याच्या फळीखालून बाहेर यायला तयार नव्हती. जीप धूळ उडवत निघून गेली. नत्थुजीनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला, पायातल्या नव्या तपकिरी चपलांकडे एकदा पाहिलं आणि सावलीचा आडोसा धरून उभा राहिला. चपला नातीनं घेऊन दिल्या होत्या. जावई गोपाल मोटरसायकल घेऊन न्यायला येणार होता. फाट्यावरून नव्या गावाला, लेकीच्या घरी जायचं, मारोतीसमोर नवसाचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, आहेत ते जेवायचं, एवढंच काम होतं.

एवढंच म्हणायचं, पण त्या माणसाला आल्या वाटेनं परत फिरावंसं वाटत होतं. आणि का वाटू नये? काम तर त्यानं करून ठेवलं होतं पाहा! चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. धरणात गाव जायचं होतं, अर्धी घरं नव्या गावाला हललीही होती. नत्थुजीची बायको मैनाबाई तापानं फणफणून पडली होती आणि हा डॉक्टर आणतो म्हणून घरून निघाला. निघाला तो थेट मारोतीच्या देवळात. तिथली पितळेची मोठी घंटा काढली, भंगारात विकली आणि बसला प्यायला. शुद्धीवर आला तेव्हा मैनाबाई गेलेली होती. जुन्या गावात पेटलेली शेवटची चिता तिची. तिला अग्नी द्यायलाही हा गेला नाही, तोंड लपवून अकोल्याला पळाला. तान्ही दीपमाला मागं राहिली. मैनाबाईची मोठी बहीण तानुबाई, तिनं ती पोर छातीशी धरून वाढवली. घंटेचा आळ मात्र आला बिचाऱ्या जानराव गुरवावर. देवळाची किल्ली त्याच्याकडे असायची ना!

अशा माणसाला कोण विचारतं? पण दीपमालेनं मारोतीला नवस बोलला होता, बाबा सापडले तर रोडगे करीन. लोक हसले तिला. आणि तिची मुलगी अपेक्षा अकोल्याला नर्सिंग शिकायला गेली, तर खानावळीत ताटं घासणाऱ्या म्हाताऱ्याशी गावाचं नाव निघालं, आणि तो निघाला तिचा आबा! घंटेचंही त्यानं तिच्यापाशी कबूल केलं. नवस फेडायचा दिवस ठरला. फक्त तानुबाईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "त्याचं पान मांडसान, तं मी पंगतीतून उठून जाईन. ह्या गावात पुन्हा पाय नाई ठेवनार."

तानुबाई उठली, की दीपमालेची आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं. हे नत्थुजीला नातीनं सांगितलेलं होतं. म्हणून तर तो फाट्यावरच घुटमळत होता. त्याला कोणाची इस्टेट नको होती. मरायच्या आधी आपल्या माणसांत बसून एक घास खायचा होता, बस्स.

गोपालला यायला वेळ होता. नत्थुजीनं इकडेतिकडे पाहिलं. बाभळींमधून खाली उतरणारी जुनी गाडवाट दिसत होती. ती धरणात जाते हे त्याला ठाऊक होतं. पण उन्हाळ्यात पाणी उतरतं, जुनं गाव उघडं पडतं, हेही त्यानं ऐकलं होतं. जिथं मैना जळाली तिथं एकदा डोकं टेकवून यावं आणि मग काय व्हायचं ते होवो, असं म्हणत तो चालू लागला.

वाट ओळखीची निघाली. पांदीचं वळण, पाटलाच्या विहिरीचं दगडी थारोळं, सगळं जिथल्या तिथं. जमीन कोरडी, पायाखाली भेगा. उतरणीला लागल्यावर मात्र ऊन जरा मऊ झालं. हिरवट झालं म्हणा. आणि आवाज बंद झाले. पाखरू नाही, वारा नाही, स्वतःच्या चपलांचा फटफट आवाजही नाही. नदीत डुबकी मारल्यावर कान भरतात, तसे त्याचे कान भरले. त्यानं कानात बोट घालून हलवून पाहिलं. काही फरक पडला नाही.

मग वास आला. आधी गाळाचा आणि मासळीचा. पाठोपाठ गोवऱ्यांच्या धुराचा, भाजलेल्या कणकेचा आणि वांग्याच्या भाजीचा. नत्थुजी जागीच थबकला. अरे बापा, रोडगे तर इथंच चालले आहेत! नवस म्हणून जुन्याच मारोतीसमोर ठेवले असतील, असं त्याला वाटलं. अपेक्षानं सांगितलं कसं नाही?

देवळासमोर पंगत बसली होती. गावच्या गाव. हसणं-खिदळणं चाललं होतं, वाढपी धावत होते, एक कुत्रं वाढप्यांकडे पाहून भुंकत होतं. तोंड उघडत होतं, पण आवाज येत नव्हता. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याचा आवाज मात्र स्वच्छ आला.

"कोन हाय?... नत्थ्या काय बे?"

नत्थुजी दोन पावलं मागं सरला. जानराव गुरव! घंटेचा आळ डोक्यावर घेऊन जन्म काढलेला जानराव. म्हातारा झाला होता, पण ओळखू येत होता.

"काकाजी..." त्यानं लांबूनच हात जोडले.

"काकाजी-फाकाजी मांगून. चपला काढ आन् बस गुमान. तुह्यासाठी लोकं हात धुऊन बसले अथी, आन् हा टोनगा सावकाश येऊन रायला!"

पंगत खदखदून हसली. नत्थुजीनं चपला पायरीशी काढल्या. शेवटाला एक पळसाची पत्रावळ मांडलेली होती, रिकामी. तिच्यापुढे तो बसला. शेजारच्याच्या धोतराचा काठ टपटप गळत होता. समोरच्या बायांचे पदरही ओलेच, केस कपाळाला चिकटलेले. नदीवरून न्हाऊन आले असतील, त्यानं मनाची समजूत घातली. पण मघापासून एक माशी नाही, हे काही त्याला उमगेना. एवढं अन्न वाढलंय आणि एक माशी नाही...

"काकाजी, माह्यं पान..." तो चाचरत म्हणाला. "माह्यं पान कोनं मांडलं?"

"रोजच मांडतो," जानराव सहज बोलला. "रोज गार होऊन जाते. आज गरम खाय."

नत्थुजीनं पत्रावळीला लावलेला हात मागं घेतला. त्यानं मान वळवली आणि देवळाच्या दारात त्याला ती दिसली. घंटा. तीच, कडेला टवका उडालेली. स्वतःच्या हातानं त्यानं ती भंगाराच्या तराजूत टाकली होती, समोर फोडली होती तिला त्या माणसानं.

"काकाजी, हे तं मी..."

"मालूम हाय."

"तुमच्यावर आळ..."

"थो बी मालूम हाय ना बापा! सगळ्याईले मालूम हाय." जानरावनं आत शेंदराकडे बोट केलं. "त्याले तं पयलेपासून मालूम हाय. रुसाचं असतं तं त्यानं तुह्यं पान कायले मांडाले लावलं असतं? ऊठ, वाजव. देवाले जेवाले बोलव."

नत्थुजी उठला. आधी त्यानं घंटेच्या कडेचा टवका बोटानं चाचपला, जीभ धरली. मग त्यानं ती ओढली. भरलेल्या कानांमधून तो नाद आरपार गेला, छातीत उतरला, आणि हा साठीचा बाप्या दारात उभा राहून लहान पोरासारखा रडला. कोणी त्याला थांबवलं नाही. रडून झाल्यावर वाढप्यानं पत्रावळीवर रोडगा फोडून वाढला, त्यावर तुपाची धार सोडली, वांग्याची भाजी घातली. नत्थुजी जेवला. इतका जेवला, की जन्मात तसा जेवला नव्हता. आग्रह होत होता, चेष्टा होत होती, तोही हसत होता. भीती होती, नाही असं नाही. पण पोटात घास जाईल तशी ती पातळ होत गेली.

गोवऱ्यांच्या आराजवळ एक बाई पाठमोरी बसली होती. डोक्यावरून पदर, हातानं राख झटकून रोडगे काढत होती. नत्थुजी हात धुवायला उठला तेव्हा तिनं वळून न पाहता हात मागं केला. हातावर एक रोडगा होता.

"पोट भरलं?" तिनं विचारलं.

तो आवाज तो कसा विसरेल? त्यानं रोडगा घेतला. "मैने... मी डॉक्टर..."

"दीपाले दे हा," ती म्हणाली. "जा आता. पोरगी वाट पाहून रायली."

तो कसा निघाला, कोणत्या वाटेनं चढला, त्याचं त्यालाच कळलं नाही. कानातला दडा सुटला, पाखरं बोलू लागली, ऊन पुन्हा चटका द्यायला लागलं, तेव्हा तो नव्या गावाच्या वेशीत उभा होता. दुपट्ट्यात गुंडाळलेला रोडगा छातीशी धरलेला.

मारोतीच्या नव्या देवळासमोर आर पेटला होता, समोरच्या फरशीच्या ओट्यावर पत्रावळी मांडून झाल्या होत्या आणि लोक कुजबुजत होते. दीपमाला धावत आली. जन्मात कळत्या डोळ्यांनी बापाला पाहिलं नव्हतं, तरी तिनं ओळखलं. पाया पडायला वाकली आणि तशीच थांबली.

"बाबा, पाय कायले उघडे? चपला कुठी हायत?"

नत्थुजीनं खाली पाहिलं. खरंच की. जेवणाच्या आनंदात देवळाच्या पायरीशीच राहिल्या होत्या. एवढ्या तापल्या रस्त्यानं अनवाणी आला, पण तळव्याला एक फोड नव्हता.

"जुन्या देवळाशी रायल्या, बाई. तथी पंगत होती ना... मी जेवून आलो."

मागून गोपाल आला, घामाघूम. "मामाजी, कुठी होते तुमी? मी फाट्यावर शोधून शोधून थकलो. आन् जुन्या देवळात कसे जासान? यंदा पानी उतरलंच नाई. देवळाच्या कळसाचं टोक तेवढं दिसते."

सगळे खाली पाहू लागले. नत्थुजीच्या पायांवर कोरडी धूळ होती. धोतराच्या सोग्याला ओलीचा ठिपकासुद्धा नव्हता. तेवढ्यात पंगतीतून तानुबाई उठली, काठी टेकत पुढं आली. म्हातारीचे डोळे आगीसारखे.

"पेऊन आला अशीन, दुसरं काय? दीपे, मी चालली. माह्यी काठी अन् मी."

"मावशी, थांब व..." दीपमालेनं तिचा पदर धरला.

"नाई थांबत. माह्या बहिनीले तापात टाकून गेला थो. देवाची घंटी खाल्ली यानं!" तानुबाई थरथरत होती. "घंटी म्हनलं तं... मघाशी घंटी कोनं वाजवली बे? अथी तं आकडा रिकामाच हाय इतके वरसं."

घंटा सगळ्यांनीच ऐकली होती, आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता.

नत्थुजीनं दुपट्टा सोडला आणि रोडगा लेकीपुढे धरला. "हा तुह्यासाठी देला, बाई. मी जातो आता. मावशीले जाऊ देऊ नको. मले काई नाई पाहिजे, माह्यं पोट भरलं."

रोडग्यातून वाफ निघत होती.

आता आपल्याकडची रीत ठाऊक आहेच. आर एकच असतो, रोडगे साऱ्या घरांचे. म्हणून जी ती बाई कच्च्या कणकेवर आपली खूण उमटवते, कोणी दोन बोटं, कोणी फुली. राखेतून काढल्यावर आपला रोडगा आपल्याला ओळखू येतो. मैनाबाई अंगठा दाबायची आणि त्याच्या पोटाशी नखानं चंद्रकोर काढायची. ती गेली तशी ती खूण गावातून गेली. दीपमालेला माहीतच नव्हती. माहीत होती एकट्या तानुबाईला.

तानुबाईनं रोडगा हातात घेतला. अंगठा होता, त्याच्या पोटाशी चंद्रकोर होती. म्हातारीच्या हातातली काठी पडली आणि ती तिथंच मातीत बसली.

"मैने व..." ती रोडग्याशीच बोलू लागली. "माह्ये माय... तू जेऊ घातलं याले? तू?"

मग तिनं रोडगा कपाळाला लावला, पदरानं डोळे पुसले आणि नत्थुजीकडे पाहिलं. राग होता अजून, का नसावा? पण तोंडावर हसू फुटत होतं, ते तिला आवरेना.

"तिनं पान मांडलं, तं मी उठनारी कोन?" ती म्हणाली. "दीपे, पाहून काय रायली? याचं पान मांड. माह्या बाजूले मांड. आन् त्याच्या पलीकडे आनखी एक, माह्या बहिनीचं."

मग जी पंगत बसली, तिची गंमत काय सांगावी! पोट भरलेला नत्थुजी पुन्हा जेवला. मैनाबाईच्या रोडग्याचा कण कण साऱ्यांना वाटला, पानापानावर पुरला. तानुबाईनं त्याला इतक्या शिव्या घातल्या आणि इतकं तूप वाढलं, की कोणतं जास्त झालं ते सांगता येऊ नये. अपेक्षा फोटो काढत होती, दीपमाला हसता हसता रडत होती, आणि नत्थुजी मधूनच मारोतीकडे पाहून हात जोडत होता. आपल्याला हे कशाबद्दल मिळालं, ते त्याला कळत नव्हतं. कळेल असं काही त्यानं केलंही नव्हतं.

उन्हं कलली. लोक उठले, पायरीशी चपला शोधू लागले.

"आबा," अपेक्षानं हाक मारली, "तुमच्या चपला तं अथीच हायत ना!"

साऱ्यांच्या चपलांच्या रांगेत, अगदी शेवटी, तपकिरी जोड नीट मांडून ठेवला होता. नत्थुजीनं वाकून हात लावला. चपला थंडगार होत्या. पाणी निथळत होतं आणि पट्ट्यात शेवाळाची हिरवी काडी अडकली होती.

तिथून, दुपारभर तापलेल्या फरशीवरून, बाईच्या लहान पावलांचे ओले ठसे आत गेले होते. पंगतीच्या कडेकडेनं, नत्थुजीच्या पानापलीकडे मैनाबाईसाठी वाढून ठेवलेल्या पानापर्यंत. पान चाटूनपुसून स्वच्छ होतं.

ठसे आत गेलेले होते. बाहेर आलेला एकही नव्हता, आणि एवढ्या उन्हात त्यातला एकही वाळत नव्हता.